दक्षाबेनचे शेठ गरम होईनात

फुलवाती वळत बसले होते. गणपतीच्या दिवसांत कापूस घेऊन बसायला सवड मिळत नाही, म्हणून श्रावणातच डबा भरून ठेवायची माझी पद्धत. निम्मा डबा झाला असेल, तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली.

"सुधाबेन! ओ सुधाबेन! शेठ थंड पडले!"

नवखं कुणी ऐकतं तर अनवाणी धावत सुटलं असतं. मी कापूस झाकला, हात पदराला पुसले आणि सावकाश निघाले. दक्षाबेनचे शेठ म्हणजे त्यांच्या मागच्या पडवीतलं कपडे सुकवायचं मशीन.

धुण्याच्या मशीनला जोडून पाणी पिळून काढणारा जो ड्रायर असतो, तो हा नाही. यात ओले कपडे टाकले की आतलं पिंप फिरतं, गरम हवा सुटते आणि कपडे पोळीसारखे ऊन-ऊन, कोरडे बाहेर येतात. आमच्या डहाणूत अशी मशीनं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. हे एका डॉक्टरांच्या घरचं. त्यांची बदली झाली, नव्या जागेत ते मावेना, आणि दक्षाबेननी ते टेम्पोत घालून आणलं. मशीनला हळदकुंकू मी लावलं होतं. नाव त्यांनी ठेवलं. म्हणाल्या, "दिवसभर बसून राहणार, गरम हवा सोडणार आणि वर वीज खाणार. शेठच झाला ना!"

दक्षाबेन मूळच्या बोर्डीच्या, चिकूच्या वाडीतल्या. घरात गुजराती, बाजारात मराठी, आणि रागावल्या की दोन्ही एकदम. लग्न होऊन डहाणू रोडला आल्या. त्यांच्या मिस्टरांची इस्त्रीची टपरी होती. ते गेल्यावर टपरी दक्षाबेननी चालवली. पावसाळ्यात लोक म्हणायचे, "इस्त्री राहू द्या, कपडा वाळतच नाही त्याचं काय?" आमच्याकडे समुद्राची दमट हवा, त्यात झड लागली की दोरीवरचा टॉवेल आठवडाभर ओलाच, आणि वास असा कुबट की देवपूजेला घ्यायचा नाही. शेठ आले तशी बाईंची चलती झाली. नर्सबाईंचे ड्रेस, शाळेचे गणवेश, बाळंतिणींची दुपटी, सगळं त्यांच्या पडवीत येऊ लागलं.

कपडा कुणाचा ते त्या नाकाने ओळखायच्या. टॉवेल हुंगून म्हणायच्या, "हिंग. मास्तरांच्या घरचा." माझा हुंगून म्हणाल्या होत्या, "कापूर. यात हुंगायचं काय?"

दर खेपेनंतर मशीनच्या दारातली जाळी काढून तिच्यावर जमलेला पिंजल्यासारखा मऊ कापूस झटकावा लागतो. कपड्यांचे तंतूच ते. पहिल्या वर्षी त्यांनी पिशवीभर साठवून मला आणून दिला. "सुधाबेन, फुकटचा कापूस! वाती वळा ना!"

"अहो, लोकांच्या गंजीफ्रॉकांचा कापूस मी देवापुढे जाळू?"

"गरम हवेत शुद्ध झाला ने?"

असा तो स्वभाव. काही म्हणजे काही फुकट जाऊ द्यायचं नाही. केळीच्या सालीसुद्धा गुलाबाला.

तर पडवीत गेले. शेठ घुमत होते, पिंप फिरत होतं. दार उघडून आत हात घातला तर हवा देवळाच्या गाभाऱ्यासारखी गार. शेजारी बादल्यांत ओले गणवेश. दक्षाबेन स्टुलावर बसल्या होत्या, आणि त्यांचा चेहरा काही मशीन बिघडल्याचा नव्हता. मोठं काही हातातून गेल्यासारखा होता.

"सुनीलला फोन केला?" मी विचारलं.

"केला. येतोय. पण सुधाबेन, रविवारी यतीन येतो आहे."

एवढं ऐकल्यावर मीही पायरीवर बसले.

यतीन त्यांचा एकुलता मुलगा. वापीला कारखान्यात आहे. श्रावणाच्या सुरुवातीला तो आला होता, तेव्हा शेठ असेच गार पडले. सुनीलने दुरुस्त केलं, पण यतीनच्या मनात धास्ती बसली ती बसलीच. कुठे तरी सुकवायच्या मशीनने पेट घेतल्याचा व्हिडिओ त्याने फोनवर पाहिला होता. म्हणाला, "मम्मी, तू एकटी राहतेस. एक दिवस घर पेटवशील. आता हे पुन्हा बंद पडलं तर भंगारात देईन. आणि तू वापीला यायचं, इथे कुलूप."

दक्षाबेन तोऱ्यात म्हणाल्या, "बंद पडणारच नाही! पडलं तर येते वापीला. जा!" नुसतं म्हणाल्या नाहीत, मिस्टरांच्या फोटोवर हात ठेवून म्हणाल्या. मी समोर होते. मनात म्हटलं, बाई, शब्द देताना जरा दम घ्यावा.

वापी वाईट नाही. मुलगा चांगला, सून कीर्ती त्याहून चांगली. पण चौथ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. दक्षाबेन तिथे राहून आल्या की मला सांगायच्या, "काम काही नाही. हाक मारली तर लिफ्ट ऐकते." इथे त्यांना दिवसभर माणसं लागतात. कुणाची मुलगी पास झाली, कुणाला कळा सुरू झाल्या, सगळं त्यांना कपड्यांवरून आधी कळतं.

दुपारी सुनील आला. तलासरीचा पोरगा, फ्रिज-एसीची कामं करतो, मोटरसायकलवर पाठीला बॅग. त्याचं एक ठरलेलं आहे. फ्रिज बिघडो, पंखा बिघडो, त्याची बायको रुसो, कारण एकच.

"व्होल्टेज," तो रेनकोट काढता काढता म्हणाला.

"अजून उघडलं पण नाहीस रे!"

"मावशी, पावसात व्होल्टेज कसं नाचतं, तुम्हाला काय माहीत."

त्याने मशीन पुढे ओढलं, मागचा पत्रा खोलला. आतून पेरभर लांबीची एक चिमुकली वस्तू काढली. तिला तो थर्मल फ्यूज म्हणतो. दोन्ही टोकांना मीटरच्या तारा लावल्या. फ्यूज जिवंत असला तर मीटर पीप करतो. तो गप्प राहिला.

"मेला," सुनील म्हणाला. मग डोकं खाजवलं. "पण हा तर मी मागच्याच खेपेला नवा टाकला होता. आतली हवा फाजील तापली की हा स्वतः मरतो आणि हीटर बंद करतो. घर जळू नये म्हणून. दोनदा का मरावा?"

"व्होल्टेज?" मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं. फ्यूज त्याच्या बॅगेत नव्हता, तलासरीच्या दुकानात ठेवलेला होता. बुधवारी घेऊन येतो म्हणाला.

दक्षाबेन हळूच म्हणाल्या, "सुनीलभाई, ती तार सरळच जोडून टाक ने. फ्यूजबिज काही नको. रविवार निघून जाईल."

"मावशी, मग घरच निघून जाईल," सुनील म्हणाला आणि पत्रा पुन्हा घट्ट बसवून गेला, त्यांनी काही उद्योग करू नये म्हणून बहुतेक. प्लगही काढून वर खुंटीला टांगला.

मला श्रावणी सोमवारचा उपास होता. चार वाजता डोकं दुखायला लागलं, तशी दक्षाबेननी चहा टाकला आणि बशीत चिकूच्या चकत्या आणल्या, वाळवलेल्या. बोर्डीच्या भावाकडून पावसाने गळालेले चिकू येतात, त्यांच्या. म्हणाल्या, "खा. फळच आहे, उपासाला चालतं. यतीनसाठी केल्यात, लहानपणी खिसे भरून न्यायचा. पण तुम्ही चाखा."

मी एक तोंडात टाकली. गोड, चिवट, छान. दुसरी चावली आणि जिभेला काहीतरी लागलं. केस वाटला. ओढून काढला तर दोरा. मऊ, फुललेला, निळा.

आता दोरा पोटात गेला तर उपास मोडतो का, हे मी वाचलेल्या कुठल्याच पोथीत नाही. मी तो उजेडात धरला. हा रंग माझ्या ओळखीचा. राखीला भावाने दिलेला टॉवेल असाच निळा, आणि गेल्या आठवड्यात तो मी शेठकडेच सुकवायला दिला होता.

"दक्षाबेन, हे चिकू वाळवले कुठे?"

"कुठे म्हणजे? घरी."

"श्रावणात? महिनाभर ऊन नाही. पापडसुद्धा मऊ पडलेत. कुठे वाळवले?"

त्या चहा ढवळायला लागल्या. साखर न घातलेला चहा.

"दक्षाबेन."

"तुम्ही ओरडाल."

"ओरडते कशाला? माझा उपास आहे."

मग त्या उठल्या आणि पडवीच्या कोपऱ्यातली चादर ओढली. खाली जुनं जाळीचं कपाट होतं, दूध-दही मांजरापासून राखायला पूर्वी असायचं तसं. आत मलमलीच्या ताटल्या, ताटल्यांवर चिकूच्या चकत्या. आणि कपाटाच्या पाठीला गोल भोक पाडलेलं.

शेठच्या पाठीमागून एक जाड पाइप निघतो. कपड्यांतला दमटपणा घेऊन गरम हवा त्यातून बाहेर जाते. सगळे तो पाइप खिडकीबाहेर सोडतात. दक्षाबेननी तो कपाटात सोडला होता.

"एवढी गरम हवा," त्या म्हणाल्या, "दिवसभर बाहेर जाते. कावळ्यांना शेकायला! मला बघवेना."

"आणि सुनील आला की?"

"पाइप काढते, खिडकीत लावते, कपाटावर चादर. तो चिकू बघेल तर सगळे खाऊन जाईल. त्याला सवय आहे."

म्हणजे सुनील असेपर्यंत शेठ मोकळा श्वास घेणार, आणि त्याची मोटरसायकल वळली की बाईंनी त्यांचं तोंड दाबायचं. मी कपाटाच्या जाळीवर बोट फिरवलं. जाळी दिसतच नव्हती. चिकूचा चिकट रस आणि कपड्यांचा कापूस यांचा असा थर बसला होता की घोंगडीच म्हणावी. निळा, पांढरा, गणवेशाचा खाकी. माझ्या टॉवेलचा वाटा त्यात बराच होता.

"अहो, हवा बाहेर जाणार कुठून?" मी म्हटलं. "कुकरची शिट्टी दाबून धरल्यासारखं झालं हे! वाफेला वाट नाही, आत ताप वाढतो, फ्यूज मरतो. बिचाऱ्याने दोनदा जीव दिला तुमच्यासाठी."

दक्षाबेन कपाटाकडे बघत राहिल्या. "पण दारातली जाळी मी रोज झटकते. कापूस इथे आलाच कसा?"

ती जाळी काढून पाहिली. कोपऱ्यात फाटली होती आणि तिथे मच्छरदाणीचं ठिगळ, सुबक टाके घालून. डास अडेल, तंतू कसला अडतो. ठिगळ कुणी लावलं हे विचारायची गरज नव्हती. टाके मी ओळखते, माझे उसवलेले ब्लाउजही दक्षाबेनच शिवून देतात.

दक्षाबेननी ठिगळावरून बोट फिरवलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे यतीन खरं बोलत होता. मी घर पेटवलं असतं."

"पेटलं नाही ना. महादेवाची कृपा."

"महादेवाची आणि फ्यूजची," त्या म्हणाल्या आणि बशीतल्या चकत्या निवडायला बसल्या. चकती उजेडात धरायची, दोरा असला तर बाजूला. बाजूचाच ढीग मोठा झाला.

बुधवारी सुनील फ्यूज घेऊन आला. दक्षाबेननी त्याला कपाट दाखवलं, आपणहून. तो बघत राहिला, मग एवढा हसला की पाना हातातून पडला. "मावशी, आणि मी वीज मंडळाला शिव्या घालत होतो!" फ्यूज बसवला, पाइप काढून अंगणात आपटला. त्यातून एक उशी भरेल एवढा कापूस पडला. दारात नवी जाळी बसवली. पाइप खिडकीत. प्लग लावला. थोड्या वेळाने हात घातला तर हवा कढत. दक्षाबेननी मशीनच्या डोक्यावर हात ठेवला, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. गणवेश त्याच दिवशी घरोघर गेले.

निघताना सुनीलने चकत्या मागितल्याच. त्याला दोऱ्यांच्या ढिगातल्या दिल्या. म्हणाला, "चालतं. फायबर पोटाला चांगलं."

शनिवारी संध्याकाळी दक्षाबेन भिंतीपाशी आल्या. आवाज बारीक.

"सुधाबेन, उद्या यतीन विचारेल, बंद पडलं होतं का म्हणून. तुम्ही काही बोलू नका."

"मला खोटं बोलायला सांगू नका. उद्या माझं पारायण आहे."

"खोटं कोण सांगतं? गप्प बसा फक्त. पोथी वाचायची, बोलायचं नाही."

रात्री आमच्या ह्यांना सांगितलं. हे रेल्वेत सिग्नलकडे आहेत. म्हणाले, "लाल दिवा लागला तर गाडी थांबवायची. दिव्यावर चादर नाही टाकायची." मी म्हटलं, हे भिंतीपलीकडे जाऊन सांगा. तर कूस बदलून झोपले.

रविवारी पारायण आटोपून मी प्रसादाचा शिरा घेऊन गेले. यतीन आलेला होता. चप्पलसुद्धा काढली नव्हती आणि एक हात शेठच्या पोटात. कढत हवा लागली तसा त्याचा चेहरा जरा उतरला असं मला वाटलं. आई आपल्याजवळ असावी, ही त्याची इच्छा काही खोटी नव्हती.

"चांगलं चाललंय," तो म्हणाला. "सुधाकाकी, मध्ये बंद नव्हतं ना पडलं?"

विचारलं ते मला. मी शिऱ्याच्या वाटीकडे बघितलं, मग दक्षाबेनकडे. त्या दारात उभ्या होत्या. त्यांनी मिस्टरांच्या फोटोकडे पाहिलं असावं, कारण फोटो माझ्या डोक्यामागेच होता.

"त्यांना काय विचारतोस?" त्या म्हणाल्या. "पडलं होतं. सोमवारी. माझ्याच हाताने." आणि सगळं सांगून टाकलं. कपाट, पाइप, मच्छरदाणीचं ठिगळ, तार सरळ जोडायला सांगितली होती तेसुद्धा. ते सांगितलं नसतं तरी चाललं असतं. मग आतून डबा आणला. निवडलेल्या, स्वच्छ चकत्या, जेमतेम डब्याचा तळ झाकतील एवढ्या.

यतीनने डबा उघडला. "हे माझ्यासाठी?"

"मग काय शेठसाठी?"

त्याने एक चकती तोंडात टाकली आणि बराच वेळ चघळत राहिला. "मम्मी, तू शब्द दिला होतास."

"दिला होता. म्हणून बॅग भरून ठेवलीय. बघ."

खरंच दाराआड बॅग होती. मी शिऱ्याची वाटी खाली ठेवली. मला या बाईने काही सांगितलं नव्हतं. यतीन बॅग उचलायला गेला तर ती हलेना. चेन उघडली. आत साडी एकच. बाकी लोखंडी इस्त्री, वायरचा बोर्ड, कपड्यांना खुणेसाठी बांधायच्या रंगीत दोऱ्यांची गुंडाळी आणि सुनीलने दिलेला एक जादा फ्यूज.

"इस्त्री कशाला वापीला?"

"तुझ्या बिल्डिंगला चार मजले आहेत. पावसात त्यांचे कपडे कोण वाळवतं? लिफ्टमध्ये बोर्ड लावू. टेम्पोवाल्याला विचारून ठेवलंय, शेठ संध्याकाळी येतील. तुमच्या हॉलमध्ये मावतील. सोफा बाहेर काढावा लागेल."

"शेठ भंगारात जाणार होते!"

"ते तू म्हणालास. मी फक्त वापीला यायचं कबूल केलं. सुधाबेन साक्षीला आहेत. काय सुधाबेन?"

हे मात्र खरं होतं, आणि खरं बोलायला माझी ना नव्हती. "तसंच म्हणाल्या होत्या," मी म्हटलं.

यतीनने फोन काढला आणि अंगणात गेला. "कीर्ती, ऐक, जरा सोफ्याचं..." एवढंच आम्हाला ऐकू आलं. पुढचं सगळं पलीकडून कीर्तीच बोलली असावी, कारण तो नुसता "हं, हं" करत होता. इकडे दक्षाबेन अगदी शांतपणे शिरा खात होत्या. त्या खरोखर निघाल्या होत्या की मुलाची फिरकी घेत होत्या, हे मला अजून कळलेलं नाही. विचारलं तर म्हणतात, "टेम्पोवाल्याला विचारा."

यतीन आत आला तो कपाळ चोळत. "राहा बाई इथेच. पण मी सांगतो ते ऐकायचं. खाण्याची एकही वस्तू मशीनजवळ नाही. दर पावसाळ्याआधी सुनीलकडून मागचा पत्रा खोलून सगळं साफ. मशीन चालू ठेवून बाजारात जायचं नाही. आणि हा प्लॅस्टिकचा चुण्यांचा पाइप मला आवडत नाही, त्याच्या चुण्यांत कापूस अडकतो. पत्र्याचा, सरळ, छोटा पाइप लाव."

"लावते."

"चिकू कुठे वाळवशील?"

"उन्हाळ्यात, गच्चीवर. कावळ्यांच्या देखत," दक्षाबेन म्हणाल्या. मग जरा थांबून, "तू मे महिन्यात येशील ने?"

"येईन."

जाताना त्याने ते जाळीचं कपाट स्वतः उचलून अंगणात नेलं, नळाखाली घासलं. घोंगडीचा थर निघता निघेना. शेवटी आमच्या ह्यांच्याकडून तारेचा ब्रश मागून नेला. दक्षाबेन पडवीत उभ्या राहून सूचना देत होत्या, कोपरा राहिला, तो कोपरा राहिला. कपाट आता माझ्याकडे आलं आहे. दही ठेवते. त्याच्या पाठीचं भोक मात्र बुजवायचं आहे.

आज सोमवार. सकाळी पूजेला फुलं तोडत होते तर दक्षाबेन छत्री घेऊन फाटकाबाहेर पडताना दिसल्या. हातात दोरी, दोरीला गाठी मारलेल्या, खिडकीपासून मशीनपर्यंतचं माप. शेठ बंद करून, प्लग काढून निघाल्या होत्या, तेही मला ओरडून सांगितलं. स्टेशनजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात पत्र्याचा पाइप आणायला गेल्या आहेत.